कलर हलला

अप्पांनी मला खोली दिली ती माझी पत्र्याची ट्रंक वाजवून बघितल्यावर. मी नुकतीच सिरसाळ्याच्या शाळेवर रुजू झाले होते. वय तेवीस, आणि अंबाजोगाईच्या बाहेर एकटी कधी राहिलेली नाही. सोबत वडील आले होते. ते घरमालकांना माझं शिक्षण, माझा स्वभाव, आमचं घराणं असं सगळं क्रमाने सांगत होते, आणि अप्पा ते ऐकता ऐकता खाली वाकून ट्रंकेवर बोटाच्या पेराने टकटक करत होते. मग कंबर धरून उठले आणि म्हणाले, "चांगली हाय. जाड पत्रा हाय. राहू द्या पोरीला." पसंत नेमकं कोण पडलं, मुलगी की ट्रंक, हे वडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही.

अप्पांचं बाजारात भांड्यांचं दुकान होतं. कपाळावर विभूतीची तीन बोटं, अंगात पांढरी बंडी, आणि उजव्या हाताचं मधलं बोट कायम वाकवलेलं. "माणूस असो का भगुनं, वाजवून घ्यावं," हे त्यांचं ब्रीद. कलिंगड वाजवावं हे आपल्याला पटतं. पण अप्पा दार वाजवायचे ते उघडं असलं तरी वाजवायचे. शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांची जीप त्यांनी बॉनेटपासून मागच्या फळीपर्यंत वाजवली होती, आणि साहेबांना सांगितलं होतं, "मागनं पोकळ हाय, जपून जा." दुकानात भांड्यांवर नाव घालायचं मशीन होतं आणि ते काम अप्पा कोणाला करू द्यायचे नाहीत. लग्नाच्या आहेरावर 'मामाकडून' एवढंच घाला म्हटलं, तरी ते 'मामाकडून लई प्रेमाने' असं घालायचे. मामाची तशी काही इच्छा आहे का, हे विचारायची त्यांना गरज वाटायची नाही.

मी राहायला गेले ती वर्षं नव्या वस्तूंची होती. दर आठवडी बाजाराला काहीतरी नवीन दिसायचं. शाम्पूच्या पुड्या आल्या, बाटलीतलं थंड आलं, रंगीबेरंगी प्लास्टिकच्या बादल्या आल्या. प्लास्टिकशी अप्पांचं उघड वैर होतं. "जे वाजत न्हाई त्याचा काय भरोसा?" असं ते गिऱ्हाइकाला विचारायचे, आणि गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून बादली घेऊन जायचं. पण गल्लीत रंगीत टीव्ही सगळ्यात आधी आणला तो मात्र त्यांनीच. परळीच्या दुकानदाराला तो चालू करून दाखवायचा होता. अप्पांनी आधी चारी बाजूंनी वाजवला, मग टेम्पोत मागे बसून, नव्या सुनेला आणावं तसा सांभाळत घरी आणला.

त्या टीव्हीवर गुरुवारी संध्याकाळी एक विनोदी मालिका लागायची. शहरातलं एक कुटुंब, त्यात एक भांडखोर सून, एक बावळट मुलगा आणि एक म्हातारा. म्हाताऱ्याचा चष्मा दर भागात हरवायचा. तो सगळ्यांवर आळ घ्यायचा, घर उलथंपालथं व्हायचं, आणि शेवटी चष्मा तांदळाच्या डब्यात नाहीतर त्याच्याच कपाळावर सापडायचा. एवढीच गोष्ट. पण तीस-चाळीस माणसं अप्पांच्या बैठकीत दाटीवाटीने बसून ती बघायची. पुढे पोरं, मागे बाया, दारात उभे बाप्ये. मालिकेला चांगलं नाव होतं, पण ते कोणी घ्यायचं नाही. "चष्म्याचं म्हातारं लागलं का?" असंच विचारत सगळे यायचे.

मालिकेत मधूनमधून न दिसणारी माणसं हसायची. अप्पांना ते अजिबात खपायचं नाही. "हे कोण हसायलेत? कुठं बसलेत हे? आमाला हसू येऊ तर द्या की!" असं ते टीव्हीवर खेकसायचे. टीव्हीतले हसून थांबले की मग अप्पा हसायचे, आणि अप्पा हसले की आम्ही. त्यामुळे आमचं हसू नेहमी पुढच्या विनोदावर पडायचं आणि तो विनोद कोणालाच ऐकू यायचा नाही.

भाग संपला तरी कोणी उठायचं नाही. अप्पा एकेकाकडे बोट करून विचारायचे, "बोला, कसं वाटलं?" माझं अक्षर बरं म्हणून मी कारकून. गल्लीचं मत ऐकून घ्यायचं, पोस्टकार्डावर उतरवायचं आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला टीव्हीवाल्यांकडे पाठवायचं, असा शिरस्ता. 'सुनेने भाकरी थापताना परातीत पीठ टाकले नाही. अशी भाकरी उचलत नाही. कळावे.' 'म्हाताऱ्यास सकाळी नुसता चहा देता. सोबत काही द्यावे. तो वाळला आहे.' 'मागे हसणाऱ्या लोकांस आधी घरी पाठवावे.' अशी कितीतरी कार्डं मी लिहिली. उत्तर कधीच आलं नाही. पण एका गुरुवारी सुनेने चहासोबत दोन बिस्किटं ठेवली, आणि बैठकीत एकच कल्ला झाला. "पोचलं! आपलं कार्ड पोचलं!" अप्पा नुसते मिशीत हसले आणि टीव्हीवर हलकेच टकटक केलं.

सगळ्यांना विचारायचे, पण काकूंना विचारायचे नाहीत. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या, मांडीवर ज्वारीचं सूप, हात निवडण्यात आणि नजर टीव्हीकडे तिरपी. हसायच्या नाहीत, बोलायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, "अप्पा, काकूंचं मत लिहायचं राहिलं."

"तिचं काय," ते म्हणाले, "तिला समदंच आवडतं."

काकूंनी मान वर केली नाही. एक खडा उचलून दाराबाहेर टाकला, इतकंच.

राहायला गेले त्या आठवड्यातच मी अप्पांना मुलाबाळांचं विचारलं होतं. "एक लेक हाय, शोभा. धर्मापुरीला दिलीय." ते इतकं सरळ म्हणाले, की मी चार महिने शोभाताईंना धर्मापुरीत सुखाने नांदवलं. दिवाळी आली तशी मी हौसेने विचारलं, "शोभाताई येणार ना सणाला?" अप्पांनी जवळची घागर वाजवली, कान लावून ऐकली, आणि "बघू" म्हणाले. काकू उठून आत गेल्या.

मला खरं सांगितलं ते गोदाबाईंनी. तीन घरं सोडून राहणारी ही एकटी म्हातारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे गल्ली सगळी अप्पांकडे जमली तरी ती कधी यायची नाही. "मला काय दिसतंय? तुमचा गलका ऐकू येतो तेवढा बास," म्हणायची. शोभा सात वर्षांपूर्वीच गेली होती, पहिल्या बाळंतपणात. अप्पा धर्मापुरीला गेले, सगळं उरकून माघारी आले, आणि उंबऱ्यात उभे राहिले.

आमच्याकडे माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-पिठलं करून आणतात आणि बळेबळे दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. घशाखाली उतरत नाही, पण खावा लागतो, आणि तो खाल्ला की माणूस गेलं हे घराने मान्य केलं असं होतं. अप्पांनी त्या दिवशी स्वतःच्या हाताने चूल पेटवली, चहा ठेवला, आणि टोपल्या घेऊन आलेल्या बायांना दारातूनच माघारी लावलं.

"म्हणला, माझ्या घरात चूल पेटलेली हाय. मी गेलतो, बघून आलतो. रडायचं काम न्हाई," गोदाबाई सांगत होत्या. "समद्या गेल्या. म्या उभी राहिले दिवस कलेपर्यंत. भाकरी पार गार झाली माझ्या हातात."

"आणि काकू?"

"आत चुलीपुढं बसलेली. तिला रडू द्यायला पायजे होतं बाई. ते आतल्या आत मुरलंय तिच्या."

मला अप्पांचा राग आला. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो. आपल्याला सोसत नाही म्हणून दुसऱ्याच्या डोळ्यांना बांध घालायचा हक्क माणसाला कोण देतं? पण दुसऱ्याच दिवशी तेच अप्पा माझ्या नव्या कुकरवर, मी न सांगता, 'बाईंचा आहे, हात लावू नये' असं घालून आले. अशा माणसावर राग धरून बसणंही अवघडच.

कलरचा प्रकार मला त्यानंतर उमगला. टीव्हीवर कोणी आजारी पडलं, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कोणी फोटोला हार घालायला निघालं, की अप्पा ताडकन उठायचे. "थांबा, कलर हललाय!" म्हणत टीव्हीपुढे जाऊन बटणं पिरगाळत राहायचे. त्यांची पाठ रुंद, पडदा लहान. आवाजही ते बारीक करायचे. दु:खाचं सगळं त्या पांढऱ्या बंडीमागे उरकलं की बाजूला व्हायचे आणि सांगायचे, "काय न्हाई झालं. म्हातारी गावाला गेलीय." आमच्या गल्लीच्या टीव्हीवर कोणी मेलंच नाही. सगळे गावाला गेले. पुढे पुढे तर तो गल्लीचा शब्दच होऊन बसला. वर्गात एखाद्या पोराचा ओठ थरथरायला लागला, की शेजारचा ओरडायचा, "बाई, ह्याचा कलर हलला!"

या गोष्टीला धक्का लावला तो चंद्रकलाने. चंद्रकला ऊसतोडीला जायची. दसऱ्यानंतर नवऱ्याबरोबर कोयता घेऊन निघायची ती ऊन तापायला लागल्यावर परतायची. आली की आधी अप्पांच्या ओट्यावर बसायची. "हं, सांगा अप्पा, काय काय झालं मागं?" मग अप्पा पाच महिन्यांची मालिका एका बैठकीत सांगायचे, सगळ्यांचे आवाज काढून. त्या हिवाळ्यात मालिकेतली शेजारची म्हातारी वारली होती. अप्पांच्या सांगण्यात ती अर्थातच गावाला गेली. चंद्रकलाने पुढचे तीन गुरुवार निमूट बघितले, आणि चौथ्या गुरुवारी भर बैठकीत म्हणाली, "अप्पा, ही म्हातारी लई दिवस राहिली बघा गावाला. आमी ऊस तोडून बी माघारी आलो."

बैठक फुटून हसली. मीही हसले. अप्पा हसले नाहीत. काकूंनी मांडीवरचं सूप खाली ठेवलं आणि त्या आत गेल्या. माझं हसू मग मलाच नकोसं झालं.

त्याच उन्हाळ्यात मालिका संपणार असं टीव्हीवर सांगायला लागले. शेवटचा मोठा विशेष भाग रविवारी सकाळी. 'हसता हसता डोळे पुसायला लावणारा' असं त्या जाहिरातीत एक बाई गोड आवाजात म्हणायची. अप्पांचं बिनसलं. "हसायचं तर हसा की. डोळे कशापायी पुसायचे?" त्यांनी मला तातडीचं कार्ड लिहायला लावलं. 'शेवटच्या भागात नुसते हसू द्यावे. दुसरे काही घालू नये. गावाची तशी मागणी आहे.' गावाने अशी काही मागणी केली नव्हती, पण मी लिहिलं. शनिवारी ते टीव्हीला कान लावून बसले आणि टकटक करून म्हणाले, "आवाज बसल्यागत वाटायलाय. उद्या चालल असं वाटत न्हाई."

रविवारी सकाळी आम्ही उठलो तेव्हा टीव्ही चालू होता. काकूंनी लावला होता. चूल अजून पेटली नव्हती. आणि काकू स्वयंपाकघराच्या दारात नव्हत्या. बैठकीत, अगदी पुढे, पोरांच्या जागेवर जाऊन बसल्या होत्या. सूपही हातात नव्हतं. अप्पांनी बघितलं, काहीतरी बोलणार होते, पण तेवढ्यात गल्ली आत घुसली.

त्या भागात म्हातारा नव्हताच. तो गेलेला होता, आणि घरचे ते घर सोडून दुसरीकडे राहायला निघाले होते. सामान बांधता बांधता एकेक चष्मा सापडत होता. एक पिठाच्या डब्यात, एक मुलाच्या बुटात, एक घड्याळामागे. प्रत्येक चष्म्याबरोबर त्याचं जुनं भांडण आठवायचं, ते जुन्या भागातून दाखवायचे, आणि म्हातारा पुन्हा तस्साच कावायचा. आम्ही पोट धरून हसत होतो. चंद्रकला हसता हसता पदराने डोळे पुसत होती आणि पुसताना पुन्हा हसत होती. मागचे न दिसणारे लोक मात्र त्या दिवशी गप्प होते.

मग सुनेने भिंतीवरचा म्हाताऱ्याचा फोटो काढायला हात वर केला. फोटोला हार होता. अप्पा उठले.

"थांबा, थांबा. कलर हललाय."

ते पोरांना ओलांडून गेले, पडद्यापुढे उभे राहिले आणि बटणाला हात घातला.

"सरका."

आधी कोणाला कळेना, कोण बोललं. इतक्या माणसांत काकूंचा आवाज आम्ही कधी ऐकलाच नव्हता.

"अगं, कलर..." अप्पा म्हणाले.

"कलर चांगला हाय. सरका बाजूला."

अप्पांचा हात बटणावर तसाच राहिला. त्यांनी सगळ्यांकडे बघितलं. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. मग ते सरकले, आणि पोरांमधून वाट काढत बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सुनेला शेवटचा चष्मा तिच्याच शिलाई मशीनच्या खणात सापडला. एकदा रागाच्या भरात तिनेच तो लपवला होता आणि कधी कबूल केलं नव्हतं. तिने तो पदराने पुसला, स्वतःच्या डोळ्यांवर चढवला, आणि रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, "काही दिसत नाही हो, बाबा."

"शोभे," काकू म्हणाल्या. तोंडातून सहज निसटावं तसं. मग जमिनीवर हात आपटून म्हणाल्या, "शोभे, माझ्या बाई!" आणि फुटल्या. सात वर्षांचं रडणं होतं ते. चंद्रकलाने त्यांना मिठीत घेतलं आणि तीही रडायला लागली. मग सगळ्याच बाया रडायला लागल्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणी सात वर्षांपूर्वी याच दारातून टोपली घेऊन माघारी गेलेल्या होत्या. पोरं घाबरून गप्प बसली. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, ती बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मीही रडले, न बघितलेल्या शोभाताईंसाठी.

मी डोळे पुसत बाहेर आले. अप्पा ओट्यावर बसले होते. जवळ वाजवायला काही नव्हतं, तर बोटाचं पेर स्वतःच्याच गुडघ्यावर आपटत होते. ऊन वर आलं होतं. आत रडणं चालूच होतं. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला टेकले.

आणि मग गल्लीच्या त्या टोकाकडून गोदाबाई येताना दिसल्या. एक हात भिंतीवर, एक डोक्यावरच्या टोपलीला. भिंत चाचपत, पायरी चाचपत त्या ओट्याशी आल्या. त्यांनी रडणं ऐकलं होतं. टीव्हीचं त्यांना काय माहीत? इतक्या बाया एका घरात रडतात म्हणजे काय, एवढं त्यांना माहीत होतं. घाईघाईने तवा टाकून, जेवढं जमलं तेवढं करून त्या आल्या होत्या.

"अप्पा, हायस का? म्या गोदा," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कोण गेलं रं? आन् आज मला दारातनं माघारी लावू नगंस."

मला आधी हसू यायला लागलं. आजी, टीव्हीतलं म्हातारं गेलं, असं सांगायला मी तोंड उघडलं. पण अप्पा आधी बोलले.

"कोणी न्हाई गोदाबाई. ते आपलं टीव्हीतलं म्हातारं..." पुढचा शब्द मला ठाऊक होता. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. पण तो आलाच नाही. आतून काकूंचा आवाज आला, शोभाचं नाव घेणारा. अप्पांनी मान खाली घातली.

"आमची शोभा गेली," ते म्हणाले.

ओट्याची कड चाचपून गोदाबाई अप्पांशेजारी बसल्या, टोपली उतरवली, फडकं सोडलं. तीन भाकरी आणि पातेलीत पिठलं. पातेली अप्पांच्याच दुकानातली होती, कडेला त्यांच्या हातचं नाव होतं. गोदाबाईंनी ती पुढे धरली. सवयीने अप्पांचं वाकवलेलं बोट वर आलं आणि तसंच थांबलं. मग त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि पातेली न वाजवता घेतली.

"अगं, बाहेर ये," त्यांनी आत हाक दिली. "गोदाबाई कडू घास घेऊन आल्यात."

काकू आल्या. चेहरा भिजलेला, पदर खांद्यावर. सगळ्या गल्लीदेखत त्या नवऱ्याशेजारी ओट्यावर बसल्या. अप्पांनी भाकरी मोडली. अर्धी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, पण घास काही तोंडाकडे जाईना. अप्पांचाही जाईना.

गोदाबाईंना दिसत नव्हतं, पण कळलं.

"जेवा, लेकरांनो," त्या म्हणाल्या. "मागच्या बारीला समदं गार झाल्तं."